मॅग्ना कार्टा बघायला गेले होते: दस्त वाचायची सवय असलेल्या बाईचा अभिप्राय

आधी तारे सांगते, मग कारणं. सॅलिसबरी कॅथेड्रलमधल्या मॅग्ना कार्टाला, म्हणजे इंग्लंडच्या जॉन राजानं बंडखोर सरदारांपुढं नमून लिहून दिलेल्या हक्कांच्या दस्ताला, पाचपैकी पाच. तो जिथं दिला गेला त्या रनीमीडच्या कुरणाला साडेतीन, पण ते बघितल्याशिवाय सॅलिसबरीची गंमत अर्धीच कळते. ज्या सहल कंपनीच्या गाडीतून पहिल्यांदा गेलो तिला दीड. नाव लिहीत नाही, गाइड मुलगा बिचारा नवा होता. आणि नेटवरून मागवलेल्या ‘हुबेहूब चर्मपत्र प्रतिकृती’ला शून्य. उणे द्यायची सोय असती तर तेही दिलं असतं.

मी कऱ्हाडची. दुय्यम निबंधक कार्यालयात कारकून म्हणून लागले आणि त्याच खात्यातून निवृत्त झाले. खरेदीखत, साठेखत, गहाणखत, बक्षीसपत्र, हक्कसोडपत्र यांतच आयुष्य गेलं. लेक-जावई रेडिंगला असतात, नातवासाठी माझं इकडे येणं होतं. माणसं इंग्लंडात येऊन राजवाडे बघतात. मला दस्त बघायचा होता. १५ जून १२१५ या तारखेचा, राजानं लिहून दिलेला, ‘आम्ही व आमचे वारस यापुढे अमुक अमुक करणार नाही’ असं कबूल करणारा. लिहून देणार राजा आणि लिहून घेणार त्याचीच माणसं, असा कागद माझ्या टेबलावर कधी आला नव्हता.

आधी तक्रारीचं उरकते. सहल कंपनीनं विंडसरला खरेदीसाठी भरपूर वेळ दिला आणि रनीमीडला पाय मोकळे करण्यापुरती गाडी थांबवली. गाइड माइकवर म्हणाला, “जॉन राजानं इथंच मॅग्ना कार्टावर सही केली.” माझ्या लेकीनं माझ्याकडे बघितलं, कारण घरून निघताना मी तिला हेच सांगितलं होतं की सही नव्हती. तेव्हाचे राजे दस्तावर सही करत नसत. शिक्का लावला जाई. मेण आणि राळ यांचा चांगला तळहाताएवढा गोल, एका बाजूला सिंहासनावर बसलेला राजा, दुसऱ्या बाजूला घोड्यावरचा, आणि तो चर्मपत्राच्या खालच्या कडेला लोंबत असे. आपल्याकडे पत्राच्या शेवटी मोर्तब उठवत, खाली कुणी ओळ घुसडू नये म्हणून. इथं शिक्का मजकुराच्या बाहेर लटकतो. काम मात्र एकच, हा कागद आमचा, असं सांगण्याचं.

प्रतिकृतीचं तर विचारूच नका. चहात बुडवून वाळवलेला कागद, मेणबत्तीवर जाळलेल्या कडा, खाली शर्टाच्या बटणाएवढा लाखेचा ठिपका आणि शेजारी झोकदार वळणाची सही. मजकूर इंग्रजीत आणि एवढा त्रोटक की पोस्टकार्डावर मावावा. मूळ दस्त लॅटिनमध्ये आहे आणि सुमारे साडेतीन हजार शब्दांचा आहे. वस्तू परत पाठवायला गेलो तर परतीचा टपालखर्च आमचा. नातवानं तिचं विमान केलं.

रनीमीडला मग आम्ही आपले आपण गेलो. रेडिंगहून एगमला थेट गाडी आहे, तिथून चालत. बघायला काय आहे, असं कुणी विचारलं तर गवत आहे, थेम्स आहे आणि हीथ्रोची विमानं डोक्यावरून घरंगळत जातात. प्रवेश फुकट, गाडी लावायचे पैसे. रस्त्याच्या कडेला लुटियन्सनं बांधलेल्या जुळ्या इमारती आहेत (तोच, नवी दिल्लीवाला) आणि एकीत चहाची सोय आहे. चहा ठीक. पावसानंतर जात असाल तर चपला घालून जाऊ नका, कुरण आहे ते, बाग नव्हे.

पण जागा कशी निवडली ते तिथं उभं राहिल्यावर कळतं. एका अंगाला विंडसर, तिथं राजाचा किल्ला. दुसऱ्या अंगाला स्टेन्स, तिकडे बंडखोर सरदारांचा तळ. मध्ये हे ओलसर, सपाट कुरण. जॉननं १२०४ साली फ्रान्समधला नॉर्मंडी हा मुलूख घालवला होता, तो परत मिळवायला वर्षानुवर्षं पैसा उपसला आणि १२१४ च्या जुलैमध्ये बूव्हिनला त्याच्या दोस्तांचा धुव्वा उडाला. पैसाही गेला, मुलूखही गेला. लढाईला न आलेल्या सरदारांकडून त्यानं त्याबद्दलचा कर मागितला, सरदारांनी हात वर केले आणि १७ मे १२१५ ला लंडन त्यांच्या हाती पडलं. राजधानीच गेल्यावर राजा बोलणीला आला. खुद्द दस्ताच्या शेवटी जागा कशी लिहिली आहे बघा: विंडसर आणि स्टेन्स यांच्या दरम्यान रनीमीड नावाच्या कुरणात आमच्या हातून दिले. मला चतुःसीमा वाचल्याचं समाधान मिळालं. त्याच्या आधीचं मात्र खटकलं. साक्षीदार कोण? ‘वर उल्लेखलेले आणि इतर पुष्कळ.’ इतर पुष्कळ! आमच्या साहेबांनी दस्त तिथल्या तिथं परत केला असता.

कुरणाच्या चढावर अमेरिकन वकिलांच्या संघटनेनं १९५७ साली उभारलेलं स्मारक आहे. खांबांवर घुमटी, मध्ये ग्रॅनाइटचा स्तंभ. ज्या देशात हा प्रकार घडला त्या देशाच्या लोकांआधी परदेशी वकिलांनी इथं स्मारक बांधावं, हे मला मोठं मजेचं वाटलं. जवळच एक ओक आहे. खालची पाटी वाचली तर १६ मार्च १९९४ ही तारीख आणि नाव पी. व्ही. नरसिंह राव, भारताचे पंतप्रधान. आमच्या रामटेकचे खासदार होते ते, मराठी छान बोलत. भारतीय राज्यघटनेतल्या मूल्यांचा उल्लेख त्या पाटीवर आहे. जावई फोटो काढत बसला, मी झाडाच्या बुंध्यावर हात ठेवून आले.

साडेतीन तारे ज्यासाठी दिले ते सगळ्यात जास्त पितळी खुर्च्यांसाठी. म्हणजे ब्राँझच्या. आठशे वर्षं झाली तेव्हा, २०१५ साली, ह्यू लॉक या शिल्पकारानं गवतात बारा खुर्च्या मांडल्या, पंचांच्या असतात तशा समोरासमोर. बसायला बंदी नाही. प्रत्येकीच्या पाठीवर पुढून-मागून कायद्याच्या आणि हक्कांच्या लढाईतलं काहीतरी कोरलेलं आहे. त्यांत एक चेहरा कॉर्नेलिया सोराबजींचा. १८६६ साली नाशिकला जन्म, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिक्षण, १८९२ मध्ये ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा देणारी पहिली बाई. पुढं तिनं जन्म घालवला तो पडद्यातल्या विधवांच्या मिळकती सोडवण्यात, ज्यांच्यापर्यंत पुरुष वकील पोचूच शकत नव्हता. सहल कंपनीच्या गाइडनं या खुर्च्या लांबूनच दाखवल्या होत्या, ‘मॉडर्न आर्ट’ म्हणून.

आता सॅलिसबरी. रेडिंगहून बेसिंगस्टोकला गाडी बदलावी लागते. स्टेशनावरून चालत निघालं की कळस दिसायला लागतो, १२३ मीटर उंच, सगळ्या ब्रिटनमधला सर्वांत उंच. गंमत म्हणजे १२१५ मध्ये ही इमारत नव्हतीच. पाया १२२० मध्ये घातला. दस्त आला तो जुन्या गावाला, इथून जवळच्या टेकडीवर, ओल्ड सेरम म्हणतात तिथं. आणि तो आणण्यात ज्याचा हात असावा तो एलायस ऑफ डेरेहॅम हा कँटरबरीच्या आर्चबिशप लँगटनचा कारभारी होता. रनीमीडच्या समेटानंतर वाटायच्या प्रतींपैकी दहा याच्या ताब्यात दिल्याची नोंद आहे. हाच गृहस्थ पुढं सॅलिसबरीत राहिला आणि या कॅथेड्रलच्या बांधकामावर त्यानं देखरेख केली. कारकून माणसाची अशी बढती झालेली बघून मला बरं वाटलं.

आत १३८६ सालचं घड्याळ आहे, त्याला तबकडीच नाही, ते नुसतं टोले देतं. ते बघून क्लॉइस्टरच्या ओवऱ्यांतून चॅप्टर हाउसला, म्हणजे कॅथेड्रलच्या पाद्र्यांच्या सभेच्या जागी जायचं. अष्टकोनी दालन, मध्ये एकच सडपातळ खांब, आणि त्याच्या डोक्यातून दगडी कमानी चहूकडे फाकलेल्या. भिंतीवर फिरती कोरीव पट्टी: आदम, नोहाची नाव, बाबेलचा बुरूज. नातू नोहाच्या नावेपाशीच अडकला. दस्त एका बाजूला तंबूसारख्या अंधाऱ्या आडोशात ठेवला आहे. उजेड मुद्दाम कमी, शाई उडू नये म्हणून. फोटो काढायचा नाही. २०१८ साली एकानं हातोडीनं काच फोडायचा प्रयत्न केला होता, दस्ताला धक्का लागला नाही.

मी तिथं बराच वेळ उभी राहिले. मागचे लोक येत होते, जात होते, मी बाजूला सरून पुन्हा पुढं होत होते. वाटलं होतं त्याहून लहान आहे. मेंढीचं कातडं, पिवळसर, आणि त्यावर काठोकाठ अक्षरं. समास जवळजवळ नाही. परिच्छेद नाहीत, कलमांना आकडे नाहीत, पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत एकच सलग ठोकळा. आज आपण ‘३९ वं कलम’ म्हणतो ते आकडे १७५९ साली ब्लॅकस्टोन नावाच्या कायदेपंडितानं घातले. शब्द इतके आखडलेले की प्रत्येक ओळीच्या डोक्यावर छोट्या आडव्या रेघा दिसतात, इथं अक्षरं गाळली आहेत असं सांगणाऱ्या. मोडीतली लपेटी वाचलेल्या माणसाला त्याचं नवल वाटत नाही. शाई माजूफळ आणि हिराकस यांची, काळी होती ती आता तपकिरी झाली आहे. वळण मात्र असं की आठशे वर्षांनी लॅटिन न कळणाऱ्या बाईलाही एकेक अक्षर सुटं दिसावं.

या वळणाचीच एक गोष्ट आहे. १२१५ च्या मूळ प्रती आज चार उरल्या आहेत: दोन लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत, एक लिंकन गावच्या कॅथेड्रलची, एक ही. ही सर्वांत चांगली टिकली आहे, पण हिचं अक्षर राजाच्या दफ्तरातलं दिसत नाही, पोथ्या लिहिणाऱ्याचं दिसतं. म्हणून पूर्वी काही जणांनी शंका घेतली होती. २०१५ च्या सुमारास अभ्यासकांनी अक्षरं ताडून दाखवलं की हा सॅलिसबरीच्याच लेखनिकाचा हात असावा. म्हणजे पक्षकारानं दस्त घरून लिहून आणला आणि ऑफिसात फक्त शिक्का लावून घेतला. आमच्याकडे रोज हेच चालतं. यातून एक गोष्ट निघते, आणि ती मला आतल्या कुठल्याही फलकापेक्षा मोलाची वाटली. राजाला या दस्ताच्या प्रती गावोगाव जाव्यात अशी घाई नव्हती. घाई होती ती चर्चच्या लोकांना.

तिथं एक स्वयंसेवक आजोबा उभे होते. लेकीकरवी मी विचारलं, शिक्का कुठाय? त्यांनी वाकून खालची कड दाखवली. शिक्का कधीच गेला, तो जिथं होता तिथल्या खुणा तेवढ्या राहिल्या आहेत. मग म्हणाले, तुम्ही पहिल्या आहात आज, ज्यांनी सहीऐवजी शिक्का विचारला. या एका वाक्यासाठी त्यांना वेगळा तारा.

मजकुराबद्दल लोक ३९ आणि ४० सांगतात: कुठल्याही मुक्त माणसाला त्याच्या बरोबरीच्यांच्या निवाड्याशिवाय किंवा देशाच्या कायद्याशिवाय धरायचं नाही, कैदेत टाकायचं नाही, त्याची मालमत्ता काढून घ्यायची नाही, आणि न्याय कुणाला विकायचा नाही, नाकारायचा नाही, लांबवायचा नाही. ‘लांबवायचा नाही’ हे लेकीनं वाचून दाखवल्यावर माझ्या तोंडून हसू फुटलं, आडोशातल्या चार लोकांनी वळून बघितलं. ही वाक्यं दस्तात ठळक नाहीत, मोठ्या अक्षरात नाहीत. मासे धरायचे बांध थेम्स आणि मेडवे या नद्यांमधून काढून टाका, दारूचं आणि धान्याचं माप सगळ्या राज्यात एकच ठेवा, राजाच्या अंमलदारानं रोख दाम मोजल्याशिवाय कुणाचं धान्य उचलू नये, मालकाच्या मर्जीशिवाय घोडा-गाडी वेठीला धरू नये, अशा बारक्या, रोजच्या गोष्टींच्या गर्दीत ती बसली आहेत. आणि ‘मुक्त माणूस’ हा शब्दही नीट वाचावा. तेव्हाचे पुष्कळ शेतकरी जमीनदाराला बांधलेले होते, ते त्यात येत नव्हते. त्यांच्यासाठी एवढंच की दंड बसवताना त्यांचं शेतीचं साधन जाऊ नये.

माझी नजर अडकली ती विधवांच्या कलमांवर. नवरा वारल्यावर बायकोला तिचा वाटा आणि माहेरचं लग्नातलं देणं ताबडतोब मिळावं, त्यासाठी तिच्याकडून काही घेऊ नये. चाळीस दिवस तिला नवऱ्याच्या घरात राहता यावं. आणि तिला स्वतःला नको असेल तर पुन्हा लग्न करायला कुणी भाग पाडू नये. हे लिहायची वेळ का आली? कारण राजा विधवांची लग्नं विकत असे. ओमालची काउंटेस हविसा हिनं आपली मिळकत हाती यावी आणि पुन्हा लग्न लादू नये म्हणून जॉनला ५००० मार्क कबूल केले होते. एक मार्क म्हणजे पाउंडाचा दोन तृतीयांश. माझ्या टेबलासमोर हक्कसोडपत्राला आलेल्या किती बहिणी आठवल्या. साहेब विचारतात, “ताई, राजीखुशीनं सोडताय ना?” ती आधी भावाकडे बघते, मग ‘हो’ म्हणते. आम्ही अंगठा घेतो. दस्त कायद्यानं पक्का.

आणि इथंच माझं खरं म्हणणं आहे. १२१५ चा हा दस्त, मी टेबलावर असते तर म्हटलं असतं, कच्चा आहे. शेवटाकडे ६१ वं कलम बघा. सरदारांनी आपल्यातले पंचवीस निवडायचे. राजानं शब्द मोडला तर त्यातल्या चौघांनी जाऊन सांगायचं. चाळीस दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर पंचवीसांनी सगळ्या देशाला सोबत घेऊन राजाचे किल्ले, जमिनी, मालमत्ता जप्त करायची. राजा, राणी आणि मुलं यांच्या अंगाला हात लावायचा नाही, बाकी सगळं मोकळं. लिहून देणाऱ्याच्याच घरावर जप्ती आणायचा अधिकार, तोही लिहून घेणाऱ्यांनी स्वतःच ठरवून. असा दस्त माणूस गळ्याशी आल्यावरच देतो, आणि गळा सुटला की पहिला वकील गाठतो. जॉननं पोप गाठला. १२१३ साली त्यानं इंग्लंड पोपच्या चरणी वाहून ते परत मांडलिक म्हणून घेतलं होतं, वर्षाला १००० मार्क देऊन. त्याचा उपयोग आता झाला. तिसऱ्या इनोसंट पोपनं २४ ऑगस्ट १२१५ ला फर्मान काढलं: हा करार जबरदस्तीनं करवून घेतला आहे, सबब रद्द. दहा आठवडे टिकला कागद. ‘हे रद्द करवून घेण्याची खटपट आम्ही कुणाकडेही करणार नाही’ असं त्याच ६१ व्या कलमात लिहिलेलं असताना!

मग लढाई. सरदारांनी फ्रान्सच्या राजपुत्राला बोलावलं. ऑक्टोबर १२१६ मध्ये जॉन हगवणीनं मेला आणि गादीवर आला नऊ वर्षांचा हेन्री. कारभारी म्हातारा विल्यम मार्शल. त्यानं नोव्हेंबरात जे केलं ते फार शहाणपणाचं होतं. तोच दस्त थोडा कापून, जप्तीचं कलम काढून, राजाच्या नावानं स्वतःहून पुन्हा दिला. बंडखोरांनी पिळून काढलेला कागद राजपक्षानंच पुढं केल्यावर बंडाला राहिलं काय? १२१७ मध्ये पुन्हा दिला, सोबत राजाच्या राखीव जंगलांबद्दलचा वेगळा छोटा दस्त. त्या छोट्यापासून वेगळा ओळखायला म्हणून याला ‘मोठा’, लॅटिनमध्ये ‘मॅग्ना’, म्हणू लागले. १२१५ साली कुणी याला मॅग्ना कार्टा म्हणत नव्हतं.

आणि ११ फेब्रुवारी १२२५. वयात येऊ लागलेल्या हेन्रीनं दिलेला दस्त. यात लिहिलं आहे की हे आम्ही स्वसंतोषानं, आपल्या मर्जीनं देत आहोत. राजीखुशीनं, अक्कलहुशारीनं, कोणत्याही दडपणाशिवाय! पुढं मोबदला: या देण्याबद्दल बिशप, सरदार, जमीनधारक आणि राज्यातल्या सर्वांनी आपल्या जंगम मालमत्तेचा पंधरावा हिस्सा राजाला दिला आहे. आणि खाली साक्षीदारांची नावानिशी लांबलचक यादी, ‘इतर पुष्कळ’वर भागवलेलं नाही. आता हा दस्त झाला. राजाची मर्जी, पोचलेला मोबदला, नावं असलेले साक्षीदार. पंचवीस सरदारांची फौज जे करू शकली नाही ते पंधराव्या हिश्श्यानं केलं.

कारण मग ती रीतच पडली. राजाला लढाई, लढाईला पैसा, पैशाला कागद. १२३७ मध्ये तिसावा हिस्सा मिळाला, दस्त पुन्हा कायम झाला. १२९७ मध्ये पहिल्या एडवर्डला फ्रान्सशी लढायचं होतं, नववा हिस्सा मिळाला आणि दस्त कायद्याच्या पटावर चढला. १३०० मध्ये ठरलं की तो वर्षातून चारदा जिल्ह्याच्या न्यायसभेत सर्वांसमोर वाचायचा. १२१५ च्या दस्तात राजानं ‘सगळ्यांच्या विचारानंच कर’ बसवावा असं कलम होतं, ते १२१६ मध्ये गाळलं होतं, पण दर वेळी कराच्या बदल्यात दस्त मागायची सवय लागली आणि गाळलेलं कलम मागच्या दारानं आत आलं. हंगेरीत १२२२ साली अँड्र्यू राजानं असाच सोन्याच्या शिक्क्याचा दस्त दिला होता, त्यात राजाला विरोध करायचा हक्क होता आणि तो १६८७ पर्यंत कागदावर राहिला, हे मला माहीत आहे. तिथल्या सरदारांनी तो जपला असेल. इंग्लंडात जपलं ते पावतीनं.

हे सगळं ऐकून जावई म्हणाला, “आई, मग तुम्ही चुकीच्या प्रतीला पाच तारे देताय.” तारे कागदाला आहेत, अक्षराला आहेत, आणि जिथं ठेवलाय त्या दालनाला आहेत. दस्ताच्या ताकदीला दिले असते तर तीन.

जाणाऱ्यांसाठी थोडं. कॅथेड्रलचं तिकीट घरूनच काढलेलं बरं. रविवारी प्रार्थना असतात, वेळ बघून जा. काचेच्या छताखाली उपाहारगृह आहे, बसल्या जागेवरून कळस दिसतो. स्कोन घ्या, दोघांत एक पुरतो. रनीमीड आधी करा, सॅलिसबरी नंतर, आणि दोन्ही एका दिवसात कोंबू नका. लहान मूल सोबत असेल तर त्याला घड्याळापाशी आणि नोहाच्या नावेपाशी सोडा, दस्तापाशी ते दोन मिनिटांत कंटाळतं. प्रतिकृती हवीच असेल तर आधी सही आहे का बघा. असेल तर घेऊ नका.

१२२५ ची प्रत मात्र बघायची राहिली. एक ब्रिटिश लायब्ररीत आहे, एक डरहॅमला. डरहॅमला १२१६ चीसुद्धा आहे, त्या वर्षीची जगात उरलेली एकुलती एक. पण ती नेहमी मांडून ठेवलेली नसते, आधी चौकशी करून जावं लागतं. रेडिंगहून डरहॅम लांब पडतं आणि जावयाची रजा संपत आली आहे. मी विषय काढलेला नाही अजून. लेकीकडून काढवणार आहे.